रोटाव्हेटरच्या ड्राइव्हलाइनचे संरक्षण : गोव्यातील भातशेतीच्या संदर्भात

ट्रॅक्टरच्या मागच्या पीटीओपासून (पॉवर टेक-ऑफ, अवजाराला इंजिनाची ताकद देणारा फिरता दांडा) माती भुसभुशीत करणाऱ्या रोटाव्हेटरच्या पात्यांपर्यंत ताकद पोचवणाऱ्या मालिकेला ड्राइव्हलाइन म्हणतात. पीटीओचा स्प्लाइनचा (लांबीला खाचा-दाते पाडलेला) दांडा, दोन्ही टोकांना क्रॉस (वाकून फिरणारा सांधा) असलेला एकात एक सरकणारा शाफ्ट, वरचा गिअर बॉक्स, बाजूची चेन किंवा गिअर आणि खाली फिरणारा रोटर हे तिचे भाग. पाती एकाएकी अडली तर यांतले काहीतरी तुटणार हे नक्की असते. ते काय असावे हे आधीच ठरवून ठेवणे म्हणजे ड्राइव्हलाइनचे संरक्षण. थंड देशांत ट्रॅक्टरला जोडून बर्फ उडवणारी यंत्रे वापरतात, त्यांतही हीच युक्ती असते. तिथे बर्फात दडलेला दगड किंवा गोठून घट्ट झालेले वर्तमानपत्र अडते. गोव्यात चिऱ्याचा तुकडा आणि मासेमारीचे जाळे.

शेतीच्या ट्रॅक्टरांत पीटीओचा रूढ वेग मिनिटाला 540 फेरे आहे, म्हणजे सेकंदाला 9. दांड्याचा व्यास साधारण 35 मिलिमीटर, त्यावर 6 स्प्लाइन. पीटीओवर 40 अश्वशक्ती मिळत असेल तर या वेगाला शाफ्टवर सुमारे 530 न्यूटन-मीटर पीळ पडतो. हा झाला सुरळीत चालतानाचा हिशेब. रोटर जागीच थांबला की इंजिनाच्या जोराबरोबर फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जाही शाफ्टवर येते, आणि तो झटका नेहमीच्या पिळाच्या कितीतरी पट असतो. ड्रायव्हरचा पाय क्लचवर जाईपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. म्हणून कितीही तरबेज ड्रायव्हर असला तरी त्याच्या भरवशावर गिअर बॉक्स सोडता येत नाही.

गोव्याची भातजमीन पारंपरिकपणे तीन प्रकारची मानतात, आणि यंत्राला तिघींचा त्रास वेगळा. मोरड ही चढावरची, जांभ्याच्या खड्यांची जमीन. पेडणे, डिचोली, सत्तरीकडे अशा शेतांत पात्याला दगड लागणे नेहमीचे. खेर रेताड. तिथे अडथळे कमी, पण रेती पाती आणि सील झिजवते. खाजन जमीन खाडीकाठची, बांध घालून खारे पाणी अडवलेली. मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या वाटेच्या) दारांतून पाण्याची ये-जा होते आणि तिथेच जाळी लावून मासळीही धरतात. त्यामुळे खाजनाच्या चिखलात दगड क्वचित, पण नायलॉनचे धागे, दोऱ्या आणि प्लॅस्टिक हमखास. रस्त्याला लागून असलेल्या पडीक शेतांत यात फुटक्या बाटल्यांची भर पडते, तिचा उगम सांगायला नको. वर्षानुवर्षे न कसलेले शेत पुन्हा लागवडीखाली आणताना थेट रोटाव्हेटर घालणे सर्वांत धोक्याचे. आधी झुडपे तोडून, वेली ओढून काढून, शेत एकदा पायी फिरून पाहिले तर बरेच अपघात तिथेच टळतात.

संरक्षणाचा सर्वांत स्वस्त उपाय शिअर बोल्टचा. शाफ्टच्या टोकाचा काटा (क्रॉस धरणारा दोन फाट्यांचा भाग) आणि दांड्यावरचा तुकडा एकाच बोल्टने जोडलेले असतात. पीळ ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की हा बोल्ट कापला जातो, इंजिन मोकळे फिरते आणि रोटर थांबतो. नवा बोल्ट घालायला पाच-दहा मिनिटे. तरी गोव्यातच काय, सगळीकडेच अनेक गिअर बॉक्स फुटतात ते या बोल्टमध्ये केलेल्या 'सुधारणे'मुळे. पेरणीची घाई, पाऊस डोक्यावर, दोनदा बोल्ट तुटलेला. मग कोणीतरी हार्डवेअरच्या दुकानातून 'चांगला कडक' बोल्ट आणतो. बोल्टच्या डोक्यावरचे आकडे इथे वाचले पाहिजेत. 8.8 प्रतीचा बोल्ट चौरस मिलिमीटरला सुमारे 800 न्यूटन ताण सोसतो, 12.9 प्रतीचा 1200. म्हणजे प्रत बदलताच मर्यादा दीडपट झाली. 10 मिलिमीटरच्या जागी भोक मोठे करून 12 चा घातला तर कापला जाणारा छेद 44 टक्क्यांनी वाढतो. बोल्ट आता तुटत नाही, आणि त्याचा झटका पुढच्या क्रॉसला किंवा गिअरच्या दातांना मिळतो. बोल्टऐवजी खिळा किंवा वेल्डिंगचा रॉड ठोकणारेही आहेत. त्यांना संरक्षण नको असते, फक्त काम उरकायचे असते.

दगड न लागताही बोल्ट वारंवार तुटत असेल तर दोष बहुधा बोल्टमध्ये नसतो. काट्याचे भोक झिजून लांबट झालेले असते, बोल्ट त्यात खुळखुळतो आणि रोज थोडा थोडा ठोकला जाऊन थकून तुटतो. तुटलेला तुकडा हातात घेऊन पाहावा: एका झटक्यात कापलेल्याचा छेद एकसारखा आणि ताजा दिसतो, थकून तुटलेल्याच्या कडेला जुनी, घासून गुळगुळीत झालेली पट्टी दिसते. दुसरे कारण आट्यांचे. जिथे कापला जायचा तिथे बोल्टचा साधा, गुळगुळीत भाग यायला हवा. पूर्ण लांबीला आटे असलेला बोल्ट तिथे आला की तो वेळेआधीच तुटतो. भोक लांबटले असेल तर लेथवाल्याकडून बुश बसवून घ्यावा.

मोठ्या रोटाव्हेटरांना शिअर बोल्टऐवजी स्लिप क्लच असतो. स्प्रिंगने दाबलेल्या घर्षणाच्या चकत्या भार वाढताच एकमेकींवर सरकतात आणि अडथळा गेला की पुन्हा पकड घेतात. यंत्रातून उतरावे लागत नाही, ही मोठी सोय. पण गोव्याच्या हवेत हा क्लच फसवा निघतो. रोटाव्हेटर सरदाच्या, म्हणजे पावसाळी शेतीच्या आधी आणि पुन्हा वायंगणाच्या, म्हणजे हिवाळी भातशेतीच्या वेळी चालतो. मधले महिने तो मांगराच्या कोपऱ्यात दमट, खारट हवेत उभा. तेवढ्यात चकत्या गंजून प्लेटना चिकटतात. बाहेरून सर्व ठीक दिसते, प्रत्यक्षात क्लचचा एक घट्ट ठोकळा झालेला असतो. हंगामाच्या आरंभी प्रत्येक स्प्रिंगचा नट मोजून तितकेच आटे सैल करावा, पाती जमिनीत टेकवून पीटीओ कमी वेगावर एक-दोन सेकंद घालावा, क्लच सरकला की बंद करावा आणि नट मोजलेल्या आट्यांनी पुन्हा आवळावेत. सरकला की नाही हे कळायला आधी प्लेटांच्या कडांवर रंगाची एक आडवी रेघ ओढून ठेवायची. रेघ तुटली तर क्लच सुटला. स्प्रिंगची वेटोळी एकमेकींना टेकेपर्यंत नट आवळणे ही शिअर बोल्टमध्ये 12.9 घालण्याचीच दुसरी आवृत्ती. याउलट क्लच सारखा सरकत ठेवला तर चकत्या काही सेकंदांत तापतात आणि जळका वास येतो.

अडथळ्याइतकाच घात कोनाने होतो, आणि इथे गोव्याच्या शेताचा आकार महत्त्वाचा ठरतो. कुणगे (भाताचे वाफे) लहान, मेर (शेताचा बांध) आली की उचल, वळ, पुन्हा टेकव, असे दिवसभर चालते. पीटीओ चालू ठेवून रोटाव्हेटर पूर्ण वर उचलला की क्रॉस मोठ्या कोनात फिरतो. वाकलेल्या सांध्यातून येणारी गती एकसारखी नसते, प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा वाढते-घटते. 540 च्या वेगाला सेकंदाला 18 धक्के. दोन्ही टोकांचे कोन समान आणि दोन्ही काटे एका रेषेत असतील तर एकाचा चढउतार दुसरा भरून काढतो, उचललेल्या अवस्थेत तो हिशेब मोडतो आणि खडखड ऐकू येते. ती खडखड म्हणजे क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया चुरडल्या जात असल्याचा आवाज. मेरेवर पीटीओ सोडावा, नाहीतर लिफ्टला अशी मर्यादा लावावी की पाती जेमतेम जमीन सोडतील.

भाड्याच्या ट्रॅक्टरला स्वतःचा रोटाव्हेटर जोडताना शाफ्टची लांबी तपासणे लोक विसरतात. शाफ्ट लांब पडला तर विशिष्ट उंचीवर त्याच्या दोन्ही नळ्या तळाला टेकतात आणि गिअर बॉक्सच्या बेअरिंगला आतून रेटा बसतो. आखूड पडला तर नळ्या एकमेकींत पुरेशा राहत नाहीत. निदान एक तृतीयांश लांबी एकमेकींत हवी. कापायचे तर आतली-बाहेरची नळी आणि वरचे प्लॅस्टिकचे आवरण सारखेच कापावे, कडा घासून ग्रीस लावावे.

जाळ्याच्या धाग्यांचे नुकसान सावकाश होते. धागा रोटरच्या टोकाला गुंडाळत आत सरकतो आणि ऑइल सीलची ओठासारखी कड कापतो. मग चिखलाचे पाणी आत, तेल बाहेर. गिअर बॉक्सची डिपस्टिक काढून पाहिली आणि तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर पाणी शिरले आहे. तेल बदलून भागत नाही, सीलही बदलावे लागते. खाजनात काम असेल तेव्हा दिवसाअखेर दोन्ही टोकांचे धागे सुरीने कापून काढावेत आणि यंत्र गोड्या पाण्याने धुवावे, कारण खारा चिखल वाळला की स्प्लाइनवर गंज धरतो. क्रॉसच्या निपलांना दर आठ तासांनी ग्रीस हवे.

पाती रोटरवर मळसूत्री क्रमाने बसवलेली असतात, म्हणजे ती एकामागून एक मातीत घुसतात आणि भार विभागला जातो. तुटलेले पाते तसेच ठेवले किंवा डाव्या बाजूला उजवे लावले तर हा क्रम बिघडतो.

अडकलेली पाती मोकळी करण्यापूर्वी पीटीओ न्यूट्रल, इंजिन बंद, किल्ली खिशात. रोटाव्हेटर उचलून हात घालायचा असेल तर खाली लाकडी ठोकळा, कारण लिफ्ट केव्हाही बसू शकते. शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण आणि ते फिरू न देणारी साखळी काढून टाकण्याची पद्धत सर्रास आहे. ग्रीस मारायला ते आड येते, हे खरे. पण जूनमध्ये अंगावर लोंबणारा रेनकोट किंवा कमरेची लुंगी उघड्या शाफ्टला लागली तर सेकंदाला 9 वेढे पडतात, आणि शिअर बोल्ट त्या भाराला तुटत नाही. माणसाच्या हातापायापेक्षा त्याची मर्यादा कितीतरी वर असते.