समाजवाद, फॅसिझम आणि सभासदाचं एक मत

वाळवा-पलूस पट्ट्यात ऊस पिकवणाऱ्याच्या घरी सातबाऱ्याच्याच पिशवीत सहकारी साखर कारखान्याच्या शेअरचा दाखला सापडतो. शेअर एक असो की पाच, सभासदाला मत एकच. ‘समाजवाद काय अन् फॅसिझम काय, शेवटी सगळं सरकारच्याच हातात,’ असं पारावर कुणी म्हणालं की मला हा दाखला आठवतो.

समाजवादाचा मूळ प्रश्न मालकीचा: जमीन, गिरणी, खाण कुणाची आणि तिथं घाम गाळणाऱ्याच्या पदरात काय? उत्तरं निरनिराळी निघाली. कुणी मतपेटी, कामगार संघटना आणि सहकाराची वाट धरली. रशियात १९१७ नंतर एकाच पक्षाची सत्ता आली आणि तिनं कामगारांचाही आवाज दाबला. डाव्या विचाराच्या माणसानं हे झाकू नये.

समाजवाद अन् फॅसिझम एकच, असा घोळ होतो तो इटलीत फॅसिझम उभा करणाऱ्या मुसोलिनीमुळं. हा गडी आधी समाजवादी पक्षाच्या ‘अवांती’ दैनिकाचा संपादक होता. इटलीनं महायुद्धात उतरावं असा हेका धरला, म्हणून १९१४ मध्ये पक्षानं त्याला काढून टाकलं. मार्च १९१९ मध्ये मिलानला त्यानं स्वतःची फॅसिस्ट संघटना काढली. मग पो नदीच्या खोऱ्यात, म्हणजे आपल्या कृष्णाकाठासारख्याच शेतीच्या मुलखात, बड्या जमीनदारांच्या पाठबळावर काळ्या सदऱ्यातल्या टोळ्या शेतमजूर संघटनांची कार्यालयं जाळत फिरल्या. जुलै १९२२ मध्ये राव्हेन्ना शहरात सहकारी संस्थांच्या महासंघाची इमारत त्यांनी पेटवली. तीनच महिन्यांत मुसोलिनी पंतप्रधान झाला.

पुढं १९२६ च्या कायद्यानं संप हा गुन्हा ठरला. जर्मनीत तर नाझी पक्षाच्या नावातच ‘समाजवादी’ शब्द होता. पण १९३३ मध्ये कामगार दिन थाटात साजरा करून दुसऱ्याच दिवशी, २ मे रोजी, संघटनांची कार्यालयं ताब्यात घेतली, पुढाऱ्यांना अटक केली. कारखाने बहुतांशी मालकांकडेच राहिले, हुकूम मात्र सरकारचा. मजुराला ना संघटना, ना मत. माझ्या लेखी खरा फरक इथं आहे.

हा वाद आपल्याकडं पुस्तकातून आलेला नाही. १९४३ ते ४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानणारं लोकांचं सरकार, गावात न्यायनिवाडे करत होतं, सावकार-गुंडांना वेसण घालत होतं. आणि त्याच वर्षांत मराठा पलटणीचे जवान इटलीच्या डोंगरांत जर्मन फौजांशी झुंजत होते. स्वातंत्र्यानंतर नाना पाटील शेतकरी कामगार पक्षात आणि पुढं कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५७ मध्ये साताऱ्यानं त्यांना लोकसभेत पाठवलं. १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडलेले वसंतदादा पाटील मात्र काँग्रेसमध्येच राहिले, आणि पन्नाशीच्या दशकात शेतकऱ्यांच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीला लागले.