नेस्ताच्या जागी आलेला माणूस

२००६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या झिदानने छातीत डोकं हाणलं तो माणूस, एवढीच मार्को मातेराझीची ओळख बहुतेकांच्या मनात उरली आहे. त्या रात्री इटलीसाठी गोलही त्यानेच केला होता आणि मुळात तो त्या संघात राखीव बचावपटू होता, हे मागे पडतं.

मातेराझीचा जन्म १९७३ चा, दक्षिण इटलीतल्या लेच्चेचा. वडील ज्युसेप्पे फुटबॉलपटू होते, पुढे प्रशिक्षक झाले. लाझिओसारखा संघही त्यांनी सांभाळला. असं घर म्हटल्यावर पोराचा रस्ता सोपा असेल असं वाटतं. पण तो खालच्या विभागांतच चाचपडत राहिला: मार्साला, त्रापानी, मग पेरुजा, मधेच उसनवारीवर कार्पी. वयाच्या पंचविशीत तो इंग्लंडला एव्हर्टनकडे गेला. एका मोसमात तीन लाल कार्डं घेऊन परत पेरुजाला आला.

इथे मात्र गंमत झाली. २०००-०१ च्या मोसमात या सहा फूट चार इंची बचावपटूने सेरी आ या इटलीच्या अव्वल लीगमध्ये १२ गोल केले. बचावपटूंमधला डॅनिएल पासारेलाचा ११ गोलांचा विक्रम मोडला. त्यांत पेनल्टीचे गोल बरेच होते हे खरं, पण पेनल्टी घ्यायला बचावपटूला पुढे करतात यावरूनच त्याच्या डाव्या पायाची कल्पना यावी. लगेच इंटर मिलानने त्याला उचललं आणि पुढची दहा वर्षं तो तिथेच राहिला.

राष्ट्रीय संघात त्याचं स्थान ठरलेलं होतं: नेस्ता आणि कान्नावारो या पहिल्या पसंतीच्या बचावपटूंच्या मागे. अलेस्सांद्रो नेस्ता म्हणजे धसमुसळेपणा न करता चेंडू काढून घेणारा, देखणा बचावपटू. मातेराझी त्याच्या अगदी उलट, अंगावर जाणारा. २००४ मध्ये सिएनाच्या ब्रुनो चिरिलोला मैदानाबाहेर ठोसा मारला म्हणून दोन महिन्यांची बंदी त्याने भोगली होती. २००२ च्या विश्वचषकात क्रोएशियाविरुद्ध नेस्ता जखमी झाला, मातेराझी आत आला आणि इटली १-२ हरली. चार वर्षांनी हॅम्बुर्गमध्ये चेक प्रजासत्ताकाविरुद्ध पुन्हा तेच. १७व्या मिनिटाला नेस्ता बाहेर, मातेराझी आत. या वेळी मात्र नऊ मिनिटांत तोत्तीच्या कॉर्नरवर त्याने हेडरने गोल केला. पुढच्या फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध लाल कार्ड मिळालं, त्यामुळे उपांत्यपूर्व सामना बुडाला. माणूस सरळ रेषेत चालणारा नव्हताच.

९ जुलै २००६, बर्लिन, अंतिम सामना. सातव्या मिनिटाला मालुदाला पाडल्याचा ठपका मातेराझीवर आला आणि फ्रान्सला पेनल्टी मिळाली. झिदानने चेंडू अलगद उचलला, तो आडव्या दांडीला लागून गोलरेषेच्या आत पडला. १९व्या मिनिटाला पिर्लोच्या कॉर्नरवर मातेराझीने उंच उडी घेत बरोबरी साधली. सामना जादा वेळेत गेला आणि ११०व्या मिनिटाला ते डोकं बसलं. शर्ट ओढण्यावरून बोलणं सुरू झालं आणि आपण झिदानच्या बहिणीविषयी बोललो, हे मातेराझीने नंतर मान्य केलं. आईवरून बोललो नाही, हे मात्र तो ठामपणे सांगत आला. स्वतःची आई त्याने पंधराव्या वर्षी गमावली होती. ब्रिटनमधल्या काही वर्तमानपत्रांनी वंशद्वेषी शिवी दिल्याचं छापलं, तेव्हा तो कोर्टात गेला आणि त्यांना माफी मागायला लावली. फिफाने झिदानला तीन सामन्यांची शिक्षा दिली आणि मातेराझीलाही दोन सामन्यांची. सामना शेवटी इटलीने पेनल्टी शूटआऊटमध्ये जिंकला, त्यात त्याने आपली पेनल्टी बिनचूक मारली, हे कोण लक्षात ठेवतं? ४१ आंतरराष्ट्रीय सामन्यांत त्याचे गोल दोनच, आणि दोन्ही त्याच विश्वचषकातले.

इंटरकडून २००७ मध्ये सिएनाविरुद्ध त्याने दोन गोल केले आणि लीगच्या विजेतेपदावर शिक्कामोर्तब झालं. २०१० चा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना त्याच्या वाट्याला शेवटच्या काही क्षणांपुरताच आला. पण त्या रात्रीचं एक दृश्य कप उंचावण्याइतकंच गाजलं: संघ सोडून निघालेला प्रशिक्षक मोरिन्यो गाडीतून उतरला, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मातेराझीला त्याने मिठी मारली आणि दोघेही रडले.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि मातेराझी चेन्नईयन या चेन्नईच्या संघाचा खेळाडू-प्रशिक्षक म्हणून भारतात आला. निवृत्त झालेल्या नेस्तालाही त्याने चेन्नईला आणलं. ज्याच्या दुखापतींवर आपली कारकीर्द घडली, त्यालाच हाताखाली खेळवायचा योग!

दुसऱ्या मोसमात चेन्नईयन गुणतक्त्याच्या तळाला गेली होती, तिथून सलग सामने जिंकत उपांत्य फेरीत पोहोचली. शहर पुरात बुडालेलं असल्यामुळे कोलकात्याविरुद्धचा घरचा सामना पुण्यात, बालेवाडीला झाला. तो त्यांनी ३-० जिंकला. २० डिसेंबर २०१५ ला अंतिम सामना मडगावच्या फातोर्डा मैदानावर, समोर प्रशिक्षक झिकोची एफसी गोवा आणि भरलेलं घरचं मैदान. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने फ्री किकवर गोव्याला २-१ पुढे नेलं. आता फक्त वेळ काढायची होती. ९०व्या मिनिटाला गोव्याचा गोलरक्षक कट्टीमणी याच्याकडून स्वयंगोल झाला आणि भरपाईच्या वेळेत चेन्नईयनच्या मेंडोझाने तिसरा मारून विजेतेपद मिळवून दिलं. गोवेकरांना मातेराझी म्हटल्यावर झिदानच्या आधी ती दोन-तीन मिनिटं आठवत असतील, तर नवल नाही.

पुढच्या मोसमात चेन्नईयन आठ संघांत सातवी आली. मार्च २०१७ मध्ये मातेराझीने चेन्नई सोडली.