खाऱ्या पाण्याचे घरगुती मत्स्यालय

समुद्री मासे व इतर सागरी जीव घरात पाळण्यासाठी ठेवलेली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. हौशी मंडळी तिला ‘मरीन टँक’ म्हणतात. गप्पी किंवा गुरामीसारखे गोड्या पाण्यातले मासे बरेच चढउतार सोसतात, कारण त्यांच्या मूळ ओढ्या-डबक्यांतले पाणी ऋतूप्रमाणे पालटतच असते. प्रवाळखडकांभोवती वाढलेल्या माशाला अशी सवय नसते. त्यामुळे या छंदात पाण्याचे मोजमाप आणि माशाची खरेदी हे दोन विषय वेगळे काढता येत नाहीत. दुकानात टवटवीत दिसलेला मासा घरी दोन दिवसांत मरतो, तेव्हा कारण पुष्कळदा दोन्ही ठिकाणच्या पाण्यातील फरकात सापडते.

समुद्री जीव टाकीत जगवण्याचे तंत्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये रुळले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये सार्वजनिक मत्स्यालय उघडले. मुंबईत मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले. समुद्रापासून दूर असलेल्या घरांतही हा छंद पोहोचला, तो तयार क्षारमिश्रणे बाजारात आल्यावर.

लवणता : खुल्या समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. २५° से. तापमानाला अशा पाण्याचे विशिष्ट गुरुत्व (शुद्ध पाण्याच्या तुलनेतली घनता) १.०२६ च्या आसपास भरते. फक्त मासे ठेवायचे असतील तर १.०२३ ते १.०२६ यांतला कोणताही आकडा चालतो, मात्र तो रोज तोच राहिला पाहिजे. शंभर लिटर पाण्याला साधारण साडेतीन ते चार किलो मिश्रण लागते. स्वयंपाकघरातले मीठ इथे कामाचे नाही. त्यात सोडियम क्लोराइडच असते आणि मॅग्नेशियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट हे बाकीचे घटक मिळत नाहीत. मिश्रण आरओच्या पाण्यात विरघळवून, पंप लावून रात्रभर फिरवत ठेवतात. नळाचे पाणी वापरायचेच असेल तर त्यातला क्लोरीन आधी काढावा लागतो.

‘समुद्र जवळ आहे, तर पाणी विकत का घ्यायचे?’ हा मुंबईकराचा हमखास प्रश्न. चौपाटीच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते आणि पावसाळ्यात नद्या-नाल्यांच्या पाण्याने त्याची लवणताही घसरते. टँकसाठी ते आणू नये.

टाकीतून वाफ होऊन जाते ते फक्त पाणी, मीठ मागे उरते. म्हणून रोज कमी झालेली पातळी गोड्या पाण्याने भरायची. नवखे लोक तिथे खारे पाणी ओततात आणि महिन्याभरात टाकी समुद्रापेक्षा खारट होते. लवणता मोजायला तरंगत्या काट्याचे स्वस्त हायड्रोमीटर मिळते, पण काट्याला बुडबुडा चिकटला तरी त्याचा आकडा हलतो. थोडे जास्त पैसे घालून रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून लवणता दाखवणारे उपकरण) घ्यावा आणि किलोमागे ३५ ग्रॅम क्षारांच्या प्रमाणित द्रावणावर तो अधूनमधून तपासून घ्यावा.

तापमान : २४° ते २७° से. परदेशी पुस्तकांत हीटरवर पानेच्या पाने असतात. आपल्याकडे पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटर लागतो खरा, पण कोकणपट्टीत आणि विदर्भात खरी अडचण उन्हाळ्याची. खोलीच ३२ अंशांवर असते, त्यात पंप आणि दिवे भर घालतात. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी. पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा झोत सोडला तर दोन-तीन अंश उतरतात. पण पंख्याने वाफ वाढते, म्हणजे पाणी भरण्याचे कामही वाढते. चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, महाग पडतो, विजेचे बिलही वाढवतो. वीज जाणाऱ्या गावात बॅटरीवरचा हवापंप चिलरच्याही आधी घ्यावा.

नत्रचक्र : माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. हे जिवाणू दगडांवर, वाळूत आणि फिल्टरमध्ये पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. ‘सायकल झाली का?’ असा जो प्रश्न हौशी लोक विचारतात तो याच काळाविषयी. अमोनियाचा स्रोत म्हणून अमोनियम क्लोराइड घालतात किंवा बाजारातली एक कच्ची कोळंबी टाकीत कुजू देतात. पूर्वी यासाठी स्वस्त डॅमसेल मासे सोडत. ही पद्धत क्रूर आहे, शिवाय त्यातून वाचलेला डॅमसेल पुढे येणाऱ्या प्रत्येक माशाला टाकीभर हुसकावतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याखेरीज मासा आणू नये. नायट्रेट २० पीपीएमच्या (दहा लाखांत २० भागांच्या) आत असावे. फक्त माशांच्या टाकीत ४० पर्यंत चालून जाते, आणि पाण्याचा काही भाग दर आठवड्या-पंधरवड्याला बदलला की ते आटोक्यात राहते. सामू (पीएच) ८.० ते ८.४ असावा. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आकडे प्रवाळ पाळणाऱ्यांनी जपायचे असतात.

भारतात प्रवाळ पाळण्याचा प्रश्न बहुतेकांना पडूच नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ पासून संरक्षित आहेत. दुकानदार ‘लाइव्ह रॉक’ म्हणून प्रवाळखडकाचा तुकडा पुढे करील, तर तो घेऊ नये. त्याऐवजी सिरॅमिकचे सच्छिद्र दगड चालतात.

माशाची निवड : मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ला ही शोभिवंत माशांची जुनी ठिकाणे. पहिला मासा म्हणून क्लाउनफिश योग्य. तो चिवट असतो आणि हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढवलेला मिळू शकतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या अनेक जातींचे प्रजनन साधले आहे, आणि महाराष्ट्रात ऐरोली येथेही कांदळवन प्रतिष्ठानच्या पुढाकाराने अशी हॅचरी उभी राहिली. हॅचरीतले पिल्लू टाकीत वाढलेले आणि दाणेदार खाद्याला सरावलेले असते. समुद्रातून पकडलेल्या माशाबाबत ही खात्री नसते; फिलिपिन्स आणि इंडोनेशियात सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याची पद्धत अनेक दशके चालली, आणि असा मासा वरवर धडधाकट दिसून काही आठवड्यांत दगावू शकतो. निळा टँग मुलांना हवाच असतो, पण तो सुमारे ३० सेंमी. वाढतो. मँडरीन मासा बारीक जिवंत कवचधारी जीवांवर जगतो आणि नव्या टाकीत उपाशी मरतो.

दुकानात पोहोचल्यावर आधी लांबून पाहावे, कारण काचेशी गेले की सगळेच मासे बुजतात. कल्ले धापा टाकल्यासारखे चालत असतील, मासा पृष्ठभागाशी किंवा पंपाच्या झोतात सतत उभा असेल, दगडांना अंग घासत असेल, तर तो घेऊ नये. पोट आत गेलेले, डोक्यामागची पाठ खपाटीला गेलेली, डोळे गढूळ, पर मिटलेले, ही लक्षणे वाईट. मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीचे असतात. पिठासारखी बारीक सोनेरी झाक त्याहून घातक. अ‍ॅमिलूडिनियम हा तिच्यामागचा परजीवी काही दिवसांत टाकी रिकामी करतो. एका माशावर ठिपके दिसले तर त्या पाण्यातला दुसराही घेऊ नये. मग दुकानदाराला खाऊ घालून दाखवायला सांगावे. जो मासा तुमच्यासमोर खात नाही, त्याची किंमत कितीही उतरली तरी तो महागच. काल आलेला मासा आगाऊ पैसे देऊन आठवडाभर दुकानातच राहू द्यावा.

शेवटचे दोन प्रश्न फार थोडे गिऱ्हाईक विचारतात : पाण्यात परजीवींवरचे तांब्याचे औषध आहे का, आणि विशिष्ट गुरुत्व किती? परजीवी दबावेत आणि मीठही वाचावे म्हणून अनेक दुकानदार १.०१८-१.०२० वर टाक्या चालवतात. समुद्री माशाचे रक्त समुद्राच्या सुमारे एक-तृतीयांश खारट असते. त्याच्या अंगातले पाणी सतत बाहेर ओढले जाते; तो समुद्र पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून टाकतो. कमी लवणतेत हा भार हलका होतो. तिथून त्याला तासाभरात १.०२५ मध्ये टाकले तर तो पाण्यात राहून शुष्क होतो. म्हणून घरची विलगीकरणाची टाकी (नवा मासा आधी वेगळा ठेवायची) दुकानाच्या आकड्यावर तयार ठेवावी आणि रोज ०.००१-०.००२ ने लवणता चढवावी.

पिशवी उघडण्यालाही हिशेब आहे. लांबच्या प्रवासात माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात साचून सामू सातच्या आसपास किंवा खाली येतो, आणि साचलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात राहतो. पिशवी उघडताच वायू निघून सामू चढतो आणि त्याच अमोनियमचे विष बनते. कुरिअरने आलेल्या माशाच्या पिशवीत तासभर थेंबथेंब पाणी सोडत बसणे म्हणूनच धोक्याचे. पिशवी बंदच टाकीत तरंगवून तापमान जुळवावे, मग उघडून लगेच मासा जाळीने काढावा. पिशवीतले पाणी मोरीत.

विलगीकरणाला चाळीसेक लिटरची टाकी, आधीच जिवाणू बसलेला स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे पुरतात. तळाला वाळू नको, ती औषध शोषते. मुदत चार ते सहा आठवडे. तांब्याची मात्रा द्यायची ती इथेच, रोज मोजून. मुख्य टाकीत ते गेले तर कोळंबी आणि गोगलगायी मरतात. विलगीकरण टाळून क्रिप्टोकॅरिऑन मुख्य टाकीत शिरला, तर सगळे मासे बाहेर काढून ती सुमारे अडीच महिने मत्स्यरहित ठेवावी लागते.