सर्वे झाला, म्हणजे रेल्वे आली?

बेळगावपासून खानापूर-निपाणीपर्यंत चहाच्या टपरीवर एक वाक्य पिढ्यान् पिढ्या फिरतंय: "सर्वे झालाय, आता गाडी येणारच." नाही हो. सर्वे म्हणजे मंजुरी नव्हे. सर्वेचा अहवाल एवढंच सांगतो की खर्च किती, प्रवासी आणि माल किती, परतावा किती. बराच काळ रेल्वे नव्या मार्गाकडून १४ टक्के परताव्याची अपेक्षा धरायची, नंतर ती १० वर आणली. त्यापुढे मंजुरी, अर्थसंकल्पातली तरतूद, जमीन. बेळगावहून धारवाडला रेल्वेने जाताना लोंढा जंक्शनचा वळसा अजून घ्यावा लागतो. कित्तूरमार्गे थेट रुळांची चर्चा मात्र किती जुनी!

याच्या जोडीला दुसरा समज, "अहवालातला आकडा म्हणजे शास्त्र." इथे थोडं थांबू. बेंट फ्लिव्हबर्ग हे मोठ्या प्रकल्पांचे डॅनिश अभ्यासक; त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००५ साली १४ देशांतले २१० प्रकल्प तपासले. दहापैकी नऊ रेल्वे प्रकल्पांत प्रवाशांचा अंदाज फुगवलेला निघाला, सरासरी १०६ टक्क्यांनी. म्हणजे कागदावर दोन प्रवासी, डब्यात एक! रस्त्यांचंही फार बरं नाही: निम्म्या रस्त्यांवर अंदाज २० टक्क्यांहून जास्त चुकला.

उपाय तसा साधा आहे. आपलाच प्रकल्प जगावेगळा न मानता आधी झालेल्या तशाच मार्गांवर प्रत्यक्षात काय घडलं, ते बघून आकडा दुरुस्त करायचा. ब्रिटनचं अर्थखातं अशी दुरुस्ती मागतं. पुढच्या सर्वेची बातमी आली की पेढे वाटण्याआधी विचारा, मागच्या मार्गाचा अंदाज किती खरा ठरला?