पुनर्रचना कालखंड (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

अमेरिकेतील यादवी युद्धानंतर (१८६१–६५) फुटून निघालेली दक्षिणेकडील राज्ये पुन्हा संघराज्यात आणण्याचा आणि गुलामगिरीतून सुटलेल्या सुमारे ४० लाख कृष्णवर्णीयांचे नागरी, राजकीय व आर्थिक स्थान ठरवण्याचा कालखंड. इंग्रजी संज्ञेवरून तो ‘रिकन्स्ट्रक्शन’ या नावानेही ओळखला जातो. मोडलेले संघराज्य जोडणे आणि मुक्त झालेल्यांना नागरिक म्हणून उभे करणे ही दोन कामे या काळात एकदमच हाती घ्यावी लागली. पहिले काम पाच वर्षांत उरकले. दुसरे अर्ध्यावर मोडले गेले.

कालमर्यादा : जुन्या ग्रंथांत १८६५ ते १८७७ अशी मर्यादा सर्रास आढळते. आरंभाबाबत मात्र एकमत नाही. दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरील पोर्ट रॉयल भाग नोव्हेंबर १८६१ मध्ये उत्तरेच्या आरमाराने घेतला. मळेवाले पळून गेले आणि मागे राहिलेल्या हजारो गुलामांनी मजुरीवर शेती व शाळा सुरू केल्या. काही अभ्यासक पुनर्रचनेची सुरुवात येथूनच धरतात. इतरांच्या मते बंडखोर राज्यांतील गुलाम मुक्त झाल्याचे सांगणारा राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा हाच खरा आरंभ होय. जाहीरनाम्यामुळे युद्धाचा हेतूच बदलला. त्यामुळे हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. शेवटाचे वर्ष १८७७ हे राजकीय सोयीचे आहे. त्यानंतरही अनेक ठिकाणी कृष्णवर्णीय मतदान करीत होते व निवडून येत होते. मिसिसिपीच्या १८९० च्या राज्यघटनेने मतदानाचा हक्क पद्धतशीरपणे काढून घेण्याची वाट घालून दिली.

राजकीय घटनाक्रम : १८६० च्या मतदारांपैकी १० टक्क्यांनी निष्ठेची शपथ घेतल्यास राज्य सरकार उभारू द्यावे, अशी योजना लिंकन यांनी डिसेंबर १८६३ मध्ये मांडली. एप्रिल १८६५ मध्ये त्यांची हत्या झाली. त्यांच्या जागी आलेले अँड्र्यू जॉन्सन यांनी २९ मे १८६५ रोजी बंडखोरांना माफी जाहीर केली. वीस हजार डॉलरांहून अधिक मालमत्ता असलेल्यांना तीतून वगळले होते, पण वैयक्तिक अर्ज केल्यावर त्यांनाही ती सढळ हाताने मिळू लागली. परिणामी जुने मळेवालेच राज्यांच्या कायदेमंडळांत परतले आणि त्यांनी ‘काळे कायदे’ केले. मिसिसिपीत दर जानेवारीत वर्षभराच्या मजुरीच्या कराराचा लेखी पुरावा दाखवणे कृष्णवर्णीयांना सक्तीचे झाले आणि गावठाणाबाहेर जमीन खंडाने घेण्यास बंदी आली. दक्षिण कॅरोलायनात शेतमजुरी किंवा घरकाम सोडून दुसरा धंदा करायचा तर वार्षिक कर भरून परवाना काढावा लागे.

याची प्रतिक्रिया काँग्रेसमध्ये (अमेरिकेच्या संसदेत) उमटली. १८६६ चा नागरी हक्क कायदा अध्यक्षांचा नकाराधिकार डावलून संमत झाला. मार्च १८६७ च्या कायद्याने टेनेसी वगळता दहा राज्यांचे पाच लष्करी विभाग पाडले आणि नव्या राज्यघटना कृष्णवर्णीय पुरुषांनाही मतदानात सामील करून तयार कराव्यात असे ठरवले. १८६८ मध्ये जॉन्सन महाभियोगातून एका मताने वाचले. जुलै १८७० पर्यंत सर्व राज्ये संघराज्यात परतली.

घटनादुरुस्त्या : तेराव्या दुरुस्तीने (१८६५) गुलामगिरी नष्ट केली, मात्र गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे श्रम घेण्याची मुभा ठेवली. कैदी भाड्याने देण्याची दक्षिणेतील प्रथा याच मुभेच्या आधाराने फोफावली. चौदाव्या दुरुस्तीने (१८६८) देशात जन्मलेल्यांना नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण दिले. पंधराव्या दुरुस्तीने (१८७०) वंश, वर्ण वा पूर्वीचे दास्य या कारणांवरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली. अक्षरओळख, कर, वास्तव्य यांच्या अटींबद्दल तिच्यात काही नव्हते, आणि पुढे त्याच अटी वापरल्या गेल्या. स्त्रियांना तिच्यातून वगळल्यामुळे १८६९ मध्ये स्त्री-मताधिकाराच्या चळवळीत फूट पडली.

जमिनीचा प्रश्न : पुनर्रचनेच्या अभ्यासातील सर्वांत वादग्रस्त भाग हाच आहे. १२ जानेवारी १८६५ रोजी जॉर्जियातील सव्हाना येथे उत्तरेचे जनरल विल्यम शर्मन आणि युद्धमंत्री एडविन स्टँटन यांनी वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांची बैठक घेतली. त्यांच्या वतीने बोललेले गॅरिसन फ्रेझियर ६७ वर्षांचे होते. एक हजार डॉलर सोन्या-चांदीत मोजून आठ वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःची व पत्नीची सुटका विकत घेतली होती. गुलामगिरी म्हणजे काय, या प्रश्नावर त्यांनी सांगितले, की दुसऱ्याचे श्रम त्याच्या संमतीवाचून, जबरदस्तीने घेणे. आपली काळजी आपण कशी घ्याल, असे विचारता ते म्हणाले, की जमीन मिळावी आणि ती आम्ही आमच्या श्रमाने कसावी. गोऱ्यांत मिसळून राहाल की वेगळे, या प्रश्नावर त्यांनी वेगळे राहणे पसंत केले, कारण दक्षिणेतील पूर्वग्रह जायला वर्षे लागतील. जेम्स लिंच या तरुण धर्मोपदेशकाने एकट्याने याला असहमती दर्शवली. बैठकीचा हा वृत्तान्त तेव्हाच छापला गेला. आपल्याला काय हवे हे मुक्त झालेल्यांना कळत नव्हते, असे पुढे लिहिणाऱ्यांनी तो वाचलेला दिसत नाही.

चार दिवसांनी, १६ जानेवारीला, शर्मन यांचा विशेष आदेश क्र. १५ निघाला. चार्ल्स्टनपासून दक्षिणेकडील बेटे, नद्यांकाठची सोडून दिलेली भातशेते आणि फ्लॉरिडातील सेंट जॉन्स नदीपर्यंतचा किनारपट्टा मुक्त झालेल्यांच्या वसाहतीसाठी राखला गेला. प्रत्येक कुटुंबाला जास्तीत जास्त ४० एकर देण्याचे ठरले. लोकस्मृतीत त्याला जोडलेले खेचर आदेशात नाही. सैन्याची जास्तीची खेचरे काहींना मिळाली, त्यावरून ती भर पडली असावी. जून १८६५ पर्यंत सुमारे ४० हजार लोक अंदाजे ४ लाख एकरांवर वसले होते.

ही जमीन कायमची दिली होती की युद्धापुरती? आदेशात ‘ताब्याचा’ लेखी हक्क देण्याची तरतूद आहे, आणि वसाहतदार स्वतःचे रक्षण करू शकेपर्यंत किंवा काँग्रेस त्यांच्या हक्काबाबत कायदा करीपर्यंत लष्कराने संरक्षण द्यावे असे म्हटले आहे. मालकीचा शब्द त्यात नाही. शर्मन यांनी नंतर ही तात्पुरती सोय होती असे सांगितले. अंमलबजावणी करणारे जनरल रुफस सॅक्सटन मात्र लोकांना जमीन तुमचीच राहील असे सांगत होते. केवळ आदेशाची भाषा पाहिली तर शर्मन यांचे म्हणणे टिकते. परंतु ३ मार्च १८६५ च्या फ्रीडमेन्स ब्युरो (मुक्त झालेल्यांच्या मदतीसाठी काढलेले सरकारी खाते) कायद्याने ४० एकरांपर्यंतची जमीन तीन वर्षे खंडाने देऊन पुढे विकत घेण्याची तरतूद केली होती. म्हणजे काँग्रेसने स्वतः त्या दिशेने पाऊल टाकले होते. हे ध्यानी घेता सॅक्सटन यांनी दिलेला शब्द निराधार ठरत नाही. ब्युरोचे प्रमुख जनरल ऑलिव्हर हॉवर्ड यांनी जुलैमध्ये वाटपासाठी परिपत्रक काढले. जॉन्सन यांनी ते सप्टेंबरमध्ये मागे घ्यायला लावले आणि माफी मिळालेल्या मळेवाल्यांना जमिनी परत देण्याचा हुकूम दिला.

हा निर्णय कळवण्यासाठी हॉवर्ड ऑक्टोबरमध्ये दक्षिण कॅरोलायनातील एडिस्टो बेटावर गेले. चर्चमध्ये जमलेले लोक त्यांना बोलू देईनात. मळेवाल्यांना क्षमा करा, या त्यांच्या विनंतीवर हेन्री ब्रॅम, इश्माएल मोल्ट्री व येट्स सॅम्पसन या तिघांच्या समितीने लेखी उत्तर दिले. त्याचा आशय असा : तुमचा युद्धात फक्त उजवा हात गेला, तुम्ही क्षमा करू शकाल, पण ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला व बहिणीला नागवून झोडपले आणि जो आज त्याच्या शेतात राबल्याशिवाय रिकाम्या खोपटातही मला राहू देत नाही, त्याला मी क्षमा करू शकत नाही. मळेवाल्यांचे हक्क तरीही परत दिले गेले. सॅक्सटन यांना जानेवारी १८६६ मध्ये पदावरून दूर करण्यात आले.

त्या वर्षीच्या सदर्न होमस्टेड कायद्याने पाच राज्यांतील सरकारी जमीन खुली झाली, पण ती बहुतांशी जंगल, दलदल किंवा निकस होती. दक्षिण कॅरोलायनाने १८६९ मध्ये भूमी आयोग नेमून हप्त्याने जमिनी विकल्या. त्यातून अंदाजे १४ हजार कृष्णवर्णीय कुटुंबांची सोय झाली. दुसऱ्या कुठल्याही राज्याने एवढे केले नाही. बाकी बहुतेकांच्या वाट्याला अर्धेलीची शेती आली. बी-बियाणे, खावटी, कापड हे दुकानदाराकडून उभ्या पिकाच्या तारणावर उधार घ्यायचे, तो म्हणेल म्हणून कापूसच लावायचा आणि हंगामाअखेर हिशेबात बाकी निघाली की पुढचे वर्ष तिथेच राबायचे. अनेक गोरे अल्पभूधारकही या फासात सापडले.

राज्य सरकारे व शिक्षण : सुमारे दोन हजार कृष्णवर्णीयांनी या काळात सार्वजनिक पदे भूषवली. हायरम रेव्हल्स (मिसिसिपी) १८७० मध्ये सिनेटमध्ये आणि जोसेफ रेनी (दक्षिण कॅरोलायना) त्याच वर्षी प्रतिनिधिगृहात गेले. युद्धात दक्षिणेचेच जहाज पळवून उत्तरेच्या आरमाराच्या हवाली करणारे रॉबर्ट स्मॉल्स पुढे काँग्रेसचे सदस्य झाले. नव्या राज्यघटनांनी करांतून चालणाऱ्या मोफत शाळा दक्षिणेत प्रथमच व्यापक प्रमाणावर आणल्या. फिस्क (१८६६), हॉवर्ड (१८६७) व हॅम्प्टन (१८६८) या संस्था याच काळातल्या. मुक्त झालेल्यांच्या बचतीसाठी काढलेली फ्रीडमन्स बँक मात्र १८७४ मध्ये बुडाली आणि हजारो ठेवीदारांची पुंजी गेली.

हिंसाचार व शेवट : गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी दहशत माजवणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गुप्त संघटनेची स्थापना टेनेसीतील पुलास्की येथे झाली. परंपरेने डिसेंबर १८६५ ही तारीख दिली जाते, तर काही अभ्यासक ती १८६६ च्या मध्याकडे नेतात. शिक्षक, मतदार व स्थानिक पुढारी हे तिचे लक्ष्य होते. १८७०–७१ च्या क्लॅनविरोधी कायद्यांनंतर राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी दक्षिण कॅरोलायनातील नऊ परगण्यांत बंदिप्रत्यक्षीकरणाचा (अटकेला न्यायालयात आव्हान देण्याचा) हक्क स्थगित केला. शेकडोंना अटक झाली आणि क्लॅन बरीचशी मोडली. संघराज्याने मनावर घेतले तेव्हा दहशत आटोक्यात आली, हे येथे नोंदवणे अगत्याचे आहे.

१३ एप्रिल १८७३ रोजी, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातील कोलफॅक्स येथे न्यायालयाच्या इमारतीत आश्रय घेतलेल्या कृष्णवर्णीयांची सशस्त्र गोऱ्यांनी कत्तल केली. अनेकांना शरण आल्यानंतर मारले गेले. मृतांचा आकडा साठ ते दीडशे असा वेगवेगळा सांगितला जातो. तेथे विसाव्या शतकाच्या मध्यास लावलेल्या पाटीवर या घटनेला ‘दंगल’ म्हटले होते. ती पाटी २०२१ मध्ये काढण्यात आली. या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १८७६ मध्ये (क्रुकशँक खटला) निर्णय दिला, की चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते, खासगी व्यक्तींना नव्हे. गुन्हेगार सुटले.

१८७३ ची मंदी आणि उत्तरेत ओसरलेली आस्था यांमुळे दक्षिणेतील गोऱ्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाने एकेक राज्य रिपब्लिकन पक्षाकडून परत घेतले. १८७६ च्या वादग्रस्त निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे रदरफोर्ड हेझ निर्वाचक मंडळाच्या १८५ विरुद्ध १८४ मतांनी अध्यक्ष ठरले आणि एप्रिल १८७७ मध्ये दक्षिण कॅरोलायना व लुइझियानातील रिपब्लिकन सरकारांच्या पाठीशी उभी असलेली संघराज्याची सैन्यतुकडी हलवण्यात आली. यामागे अध्यक्षपदाच्या बदल्यात सैन्य हलवण्याचा ठरवून केलेला सौदा होता काय, याविषयी मतभेद आहेत.

इतिहासलेखन : कोलंबिया विद्यापीठातील विल्यम डनिंग व त्यांच्या विद्यार्थ्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हा काळ भ्रष्टाचाराचा आणि कृष्णवर्णीयांच्या नालायकीचा म्हणून रंगवला; अनेक दशके शाळांत तेच शिकवले गेले. डब्ल्यू. ई. बी. दु बोइस यांनी १९३५ मध्ये त्याला सविस्तर उत्तर देऊन मुक्त झालेले श्रमिक हे या काळाचे कर्ते होते असे मांडले. त्या वेळी दुर्लक्षित राहिलेली ही मांडणी १९६० नंतर स्वीकारली गेली आणि एरिक फोनर यांच्या १९८८ च्या ग्रंथाने ती अधिक पक्की केली. ‘पुनर्रचना फसली’ या रूढ विधानापेक्षा ती पाडली गेली, हे म्हणणे उपलब्ध पुराव्याला अधिक धरून आहे.

महाराष्ट्राशी संबंध : युद्धकाळात अमेरिकी कापूस बंद झाल्याने मुंबईत आलेली तेजी १८६५ मध्ये कोसळली. भाव पडल्यानंतरचा कर्जबाजारीपणा हे १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांचे एक कारण मानले जाते. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी निरपेक्ष बुद्धीने झटल्याबद्दल अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा अशी इच्छा व्यक्त केली. कोलफॅक्सची कत्तलही त्याच वर्षीची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ मध्ये दु बोइस यांना पत्र लिहून अमेरिकी कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. जुलै अखेरीस आलेल्या उत्तरात दु बोइस यांनी अस्पृश्यांच्या लढ्याविषयी सहानुभूती कळवली.