नाव वाचायला तीन सेकंद

सातारा जिल्ह्यात हिंडताना कितीतरी गावांत शाळेच्या, चावडीच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत बसवलेली एक जुनी संगमरवरी पाटी दिसते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतकी माणसे गेली, त्यांपैकी इतकी कामी आली, एवढाच मजकूर. दोन आकडे. नाव एकही नाही. साताऱ्याजवळच्या आपशिंग्याने त्या युद्धात ४६ माणसे गमावली आणि गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा लागला.

'बसरा' हे इराकमधल्या एका शहराचे नाव आहे हे मला शाळेत गेल्यावर कळले. तोवर ते आमच्या घरात परत न येण्याचे नाव होते. आजीचे एक चुलत सासरे 'बसऱ्याला गेले ते गेलेच'. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात इराकमधल्याच कुत-अल-अमारा या गावाला तुर्की फौजेचा वेढा पडला, तेव्हा आत अडकलेल्या ब्रिटिश फौजेच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या पलटणी होत्या. पुढे बसऱ्याला स्मारक उभे राहिले. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली गेली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार फक्त संख्या. या स्मारकांची देखभाल करणाऱ्या आयोगाने २०२१ साली या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली. मधे जवळजवळ शंभर वर्षे गेली होती.

संख्या आणि नाव यांच्यातला हा फरक मानाचा आहे असे मला वाटत असे. तो मेंदूच्या रचनेचाही आहे, हे अलीकडच्या युद्धांच्या बातम्या बघताना स्वतःवरून कळले.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात इस्राएलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली गेली, त्यांत बहुतेक नागरिक होते, आणि २५१ जणांना ओलीस नेले गेले. पाठोपाठ गाझावर बॉम्बहल्ले सुरू झाले. पहिल्या आठवड्यात एका रात्री बायको ताटावरून उठली आणि तिने टीव्ही बंद केला. कुणालाच जेवण गेले नाही. वर्षभराने त्याच वेळी, त्याच टीव्हीवर, खालच्या पट्टीत तशीच बातमी सरकत होती आणि मी आमटी वाढून घेत होतो. हात मधेच थांबला. काय झाले मला? मेलेली माणसे तर वाढली होती.

लाइपझिगच्या एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३० च्या दशकात केलेले प्रयोग इथे उपयोगी पडतात. त्याने माणसांच्या हातात वजने दिली आणि फरक कधी जाणवतो ते पाहिले. कोरेगावच्या बाजारात ते आपल्यालाही करून बघता येईल. तळहातावर मूठभर घेवडा असताना कुणी त्यात आणखी एक मूठ टाकली तर डोळे मिटूनही कळते. पाठीवर घेवड्याचे पोते असताना तीच मूठ पोत्यात टाकली तर पत्ता लागत नाही. मूठ तेवढीच आहे. पण फरक जाणवतो तो आधी किती होते त्याच्या मानाने. प्रकाश, आवाज, वजन या सगळ्यांना हे कमीअधिक लागू पडते. गुस्ताव्ह फेक्नरने १८६० साली त्याला गणिती रूप दिले.

आपली ज्ञानेंद्रिये अशी आहेत म्हणून तर आपण अंधाऱ्या माजघरातही पाहू शकतो आणि भर दुपारच्या शेतातही. पण मरणाच्या बाबतीत हाच गुण उलटतो. पॉल स्लोविक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने गेली काही दशके हेच अभ्यासले. त्याच्या आणि सहकाऱ्यांच्या १९९७ सालच्या एका अभ्यासात लोकांना विचारले होते की, निर्वासितांच्या छावणीत ४,५०० जीव वाचवणाऱ्या मदतीचे मोल किती. छावणी ११,००० माणसांची असली तर लोकांना ती मदत मोलाची वाटली. छावणी अडीच लाखांची असली तर तेच ४,५०० जीव कमी मोलाचे वाटले. मूठ तेवढीच, पोते मोठे.

२००७ सालचा दुसरा प्रयोग मला अधिक बोचतो. लोकांना एका सर्वेक्षणाचा मोबदला म्हणून पाच डॉलर दिले आणि त्यातून आफ्रिकेतल्या भुकेल्यांना काही द्याल का असे विचारले. काहींना माली देशातल्या सात वर्षांच्या एका मुलीची हकीगत आणि फोटो दिला. त्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. काहींना लाखो भुकेल्यांची आकडेवारी दिली, त्यांनी १.१४ डॉलर दिले. तिसऱ्या गटाला मुलगीही दाखवली आणि आकडेही सांगितले. सरासरी आली १.४३ डॉलर. आकड्यांनी मुलीची बाजू बळकट व्हायला हवी होती. झाले उलटेच: आकडे शेजारी येताच मुलगी धूसर झाली.

२ सप्टेंबर २०१५ रोजी तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर वाळूत पालथ्या पडलेल्या, लाल शर्टातल्या दोन वर्षांच्या सीरियन मुलाचा फोटो तुम्हाला आठवत असेल. तोपर्यंत सीरियाच्या युद्धात अडीच लाखांच्या आसपास माणसे मेली होती आणि जग आपापल्या कामात होते. त्या एका फोटोनंतरच्या आठवड्यात स्वीडनच्या रेडक्रॉसकडे सीरियन निर्वासितांसाठी रोज येणाऱ्या देणग्यांची संख्या शंभरपट झाली. साधारण सहा आठवड्यांत ती लाट ओसरली. युद्ध मात्र चालूच राहिले.

यावरून माणूस मुळातच निर्दय आहे असा निष्कर्ष कुणी काढतो, तेव्हा मी आडवा येतो. ज्या मेंदूला शंभर माणसांच्या वाडीत जगायची सवय लागली, त्याला 'साठ हजार' ही गोष्ट दिसतच नाही. न दिसणे आणि नको असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अर्थात नको असणेही असते. इटलीत २०१० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगतो. दुसऱ्याच्या हातात सुई घुसताना पाहिली की पाहणाऱ्याच्या स्वतःच्या हाताचे स्नायू नकळत प्रतिसाद देतात. मेंदूला चुंबकीय स्पंद देऊन तो प्रतिसाद मोजता येतो. गोऱ्या आणि काळ्या, दोन्ही गटांतल्या माणसांवर तो मोजला. आपल्या वंशाच्या हातात सुई घुसली की प्रतिसाद येई. दुसऱ्या वंशाच्या हाताच्या वेळी तो येईना. मग संशोधकांनी जांभळ्या रंगाचा हात दाखवला. असा हात जगात कुणाचाच नसतो. आणि प्रतिसाद आला! म्हणजे अनोळखीपणा आड येत नव्हता. ज्याच्याविषयी आधीच काही शिकवले गेले आहे, त्याचेच दुखणे आपल्यापर्यंत पोचत नव्हते. 'त्यांना असेच पाहिजे होते' असले संदेश आपल्या भागातल्या ग्रुपवर येतात तेव्हा मला तो जांभळा हात आठवतो.

लांबच्या युद्धापुरतेच हे असते तर एक वेळ चालले असते. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष झाला, तेव्हा सुट्टीवर आलेल्या जवानांना माघारी बोलावले गेले. आमच्या भागात दर चार घरांआड एका घरात फोनची वाट बघणे चालू होते. टीव्हीवर मात्र भोंगे वाजत होते आणि शहरेच्या शहरे पडल्याच्या खोट्या बातम्या चालल्या होत्या. त्याच दिवसांत तोफांच्या माऱ्यात एकट्या पूंछ भागात डझनाहून अधिक भारतीय नागरिक मेले, त्यांत लहान मुले होती. ते आपलेच होते. त्यांची नावे किती जणांनी ऐकली? ज्यांच्या घरातले कुणी सीमेवर होते त्यांनी टीव्ही बंद ठेवला होता, हे मी शेजारी पाहिले आहे. २०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतर झालेला अभ्यास त्यांच्या बाजूने बोलतो: पहिल्या आठवड्यात रोज सहा तासांहून अधिक त्याच बातम्या पाहणाऱ्यांना प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही तीव्र ताण जाणवला होता.

आता मोजणीकडे येतो. 'हे आकडे खरे कशावरून?' हा प्रश्न प्रत्येक युद्धात प्रत्येक बाजूचे लोक विचारतात आणि तो विचारायलाच हवा. आधुनिक युद्धातल्या मृतांपैकी ९० टक्के नागरिक असतात, हे वाक्य भाषणांत सर्रास येते. त्याचा माग काढला तेव्हा एका जुन्या गणनेत मेलेले आणि बेघर झालेले एकत्र धरल्याचे आढळले. चांगल्या हेतूने सांगितलेला चुकीचा आकडाही मेलेल्यांचा अपमानच आहे, असे माझे मत आहे.

मग खरे मोजायचे कसे? एक उपाय म्हणजे प्रत्येक मृत्यू पुराव्यानिशी तपासायचा. युक्रेनमध्ये संयुक्त राष्ट्रांचे मानवाधिकार कार्यालय हेच करते. २०२४ अखेर त्यांनी तपासलेल्या नागरिक मृत्यूंची संख्या १२ हजारांवर गेली होती. खरी संख्या याहून बरीच मोठी असणार हे ते स्वतःच सांगतात, कारण रशियाच्या ताब्यात गेलेल्या मारियुपोल शहरासारख्या ठिकाणी तपासायला जाताच आले नाही.

दुसरा उपाय लग्नाच्या मांडवात समजावता येतो. समजा, मामाने वहीत आहेर लिहिला. त्यात २०० नावे आहेत. फोटोवाल्याकडे स्टेजवर आलेल्या १५० जणांचे फोटो आहेत. ताडून पाहिले तर १०० जण दोन्हीकडे सापडले. म्हणजे फोटोतल्या दर तिघांपैकी दोघे मामाच्या वहीत आहेत. वहीने जर तीनातले दोघेच पकडले असतील, तर २०० नावे म्हणजे पाहुण्यांचे दोन तृतीयांश. पाहुणे आले असणार सुमारे ३००. दोन्ही याद्यांत मिळून नावे फक्त २५० आहेत. उरलेले ५० जण आहेर न देता, फोटो न काढता, जेवून गेले. लाप्लास या गणितज्ञाने अशाच तर्काने १८०२ च्या सुमारास फ्रान्सची लोकसंख्या काढली होती.

यात एक मेख आहे. आहेर देणाराच स्टेजवर जातो. मांडवाच्या कडेला बसणारा गरीब दोन्हीकडून सुटतो आणि अंदाज कमी येतो. म्हणून तिसरी यादी लागते, आणि याद्या एकमेकींत कशा गुंतल्या आहेत ते तपासावे लागते. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात १९८० ते २००० या काळातल्या हिंसाचारात सुमारे २५ हजार माणसे मेली असे मानले जाई. तिथल्या सत्यशोधन आयोगासाठी पॅट्रिक बॉल हा संख्याशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशा याद्या ताडल्या. २००३ साली अंदाज आला ६९,२८०. जे मोजणीतून सुटले होते ते बहुतेक डोंगराळ भागातले, केचुआ भाषा बोलणारे गरीब शेतकरी होते. राजधानीला त्यांचे नसणे जाणवलेही नव्हते.

गाझाविषयी हीच पद्धत वापरणारा अभ्यास जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. रुग्णालयांची यादी, नातेवाइकांनी ऑनलाइन भरलेली माहिती आणि समाजमाध्यमांवरचे मृत्यूचे संदेश, अशा तीन याद्या. ३० जून २०२४ पर्यंत तिथल्या आरोग्य मंत्रालयाचा आकडा ३७,८७७ होता. अभ्यासाचा अंदाज आला ६४,२६०. खरी संख्या ५५ हजार ते ७८ हजार यांच्या दरम्यान असण्याची शक्यता त्यांनी दिली. ज्यांचे वय आणि लिंग कळले त्यांत स्त्रिया, मुले आणि वृद्ध मिळून ५९ टक्के होते. हे फक्त थेट जखमांनी झालेले मृत्यू.

ही पद्धत चालते ती नावांवर. नाव, वडिलांचे नाव, वय, ओळख क्रमांक जुळले तरच दोन याद्यांतला माणूस एकच आहे हे ठरते. नुसती संख्या दिली तर गणितच थांबते. मनाला जे लागते तेच शास्त्रालाही लागते.

आणि जखमांनी न झालेले मृत्यू? वीज गेली की पाण्याचा पंप बंद पडतो. सांडपाणी साचते, मुलांना जुलाब लागतात, लसी थंड राहत नाहीत. बहुतेक युद्धांत एका थेट मृत्यूमागे असे तीन ते पंधरा अप्रत्यक्ष मृत्यू होतात, असा अंदाज २००८ साली जिनिव्हात मांडला गेला. गाझात जुलै २०२४ मध्ये सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला आणि ऑगस्टमध्ये दहा महिन्यांच्या बाळाला लकवा झाला. पंचवीस वर्षांत तिथे पोलिओ नव्हता. आपल्याकडे शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. रविवारी अंगणवाडीत रांग लावून दोन थेंब पाजलेल्या आयांना मी ही बातमी सांगितली, तेव्हा नकाशा दाखवावा लागला नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये गाझाच्या आरोग्य मंत्रालयाने ओळख पटलेल्या मृतांची यादी जाहीर केली. ६४९ पाने, ३४,३४४ नावे, वयाच्या क्रमाने. मला अरबी वाचता येत नाही, पण वयाचा रकाना कळतो. पहिल्या १४ पानांवर त्या रकान्यात फक्त शून्य आहे. अशी ७१० बाळे. एका नावाला तीन सेकंद धरले तर सगळी यादी मोठ्याने वाचायला साडेअठ्ठावीस तास लागतील, न थांबता.

आमच्या गावात पुतण्याने आणि त्याच्या मित्राने एक वही घातली आहे. पाटीवरच्या आकड्यातली माणसे कोण, हे ते शोधत आहेत. त्यांच्याही तीन याद्या आहेत: घराघरांतल्या पेट्यांतले पेन्शनचे जुने कागद, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडची नावे आणि आता ऑनलाइन आलेल्या युद्धमृतांच्या नोंदी. तिन्हींत सापडलेले नाव आजपर्यंत एकच आहे. ते आजीच्या चुलत सासऱ्यांचे नाही.