मोडलेलं हाड: स्थिर ठेवायचं की हलवायचं?

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलचे हाडांचे डॉक्टर ह्यू ओवेन थॉमस मोडलेल्या हाडाला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्या म्हणून आग्रह धरत होते. फ्रान्समध्ये सर्जन ल्यूका-शाँपियोनिएर नेमकं उलट सांगत: मालिश करा, लवकर हालचाल सुरू करा. 1892 मध्ये बर्लिनच्या युलियस वोल्फ यांनी भार पडेल तशी हाडाची आतली घडण बदलते, असं मांडलं. तरीही दवाखान्यांत पारडं बराच काळ विश्रांतीच्याच बाजूला राहिलं.

1958 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हाडांच्या सर्जनांचा एओ हा गट स्थापन झाला. प्लेट आणि स्क्रूने तुकडे घट्ट आवळून बसवायचं तंत्र या गटाने जगभर पोचवलं. त्याचं ऋण मोठं आहे. रुग्ण महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये अडकून पडायचा थांबला, सांधे मोकळे राहिले. पण इतक्या घट्ट बांधणीत फ्रॅक्चरभोवती कॅलस, म्हणजे नव्या हाडाची गाठ, जेमतेमच धरते. ती धरायला तुकड्यांमध्ये किंचित हालचाल लागते.

किंचित म्हणजे किती? ॲलन गुडशिप आणि जॉन केनराइट यांनी इंग्लंडमध्ये हे मोजायचं ठरवलं, आणि मला या सगळ्या इतिहासात त्यांचंच काम सर्वांत मोलाचं वाटतं. मेंढ्यांच्या नडगीला त्यांनी बाहेरून फिक्सेटर, म्हणजे तुकडे धरून ठेवणारी चौकट, लावला. एका गटात तो पक्का ठेवला, दुसऱ्या गटात रोज सुमारे 17 मिनिटं यंत्राने 1 मिलिमीटरची हालचाल दिली. दिवसाचा उरलेला सगळा वेळ दोन्हींकडे सारखाच, तरी हालचाल मिळालेली हाडं लवकर जुळून आली. हा निष्कर्ष 1985 मध्ये छापून आला. 1991 मध्ये नडगी मोडलेल्या रुग्णांवरच्या चाचणीतही तोच कल दिसला. मात्रा मात्र सांभाळावी लागते: हालचाल फार झाली तर कोवळी पेशीजाल ताणाखाली फाटते आणि हाड धरतच नाही.

हाडाला बारीक हालचाल द्यायची हीच कल्पना पुढे अल्ट्रासाउंडच्या सौम्य लहरींपर्यंत गेली. रोज 20 मिनिटं घरीच लावायच्या यंत्राला अमेरिकेत 1994 मध्ये मान्यता मिळाली आणि ते भरपूर खपलं. मग 2016 मध्ये नडगीत सळई घातलेल्या 501 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. दिखाऊ, बंद यंत्र मिळालेल्यांच्या तुलनेत खऱ्या यंत्राने हाड लवकर जुळलं नाही, की माणसं लवकर कामावर परतली नाहीत. पुढच्याच वर्षी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने हा उपचार वापरू नये अशी ठाम शिफारस केली. मेंढ्यांमधली हालचाल मिलिमीटरची होती, या लहरींची तिच्या पासंगालाही पुरत नाही. दोन्ही उपचारांना ‘हालचाल’ हे एकच नाव दिल्याने परिणाम एक होत नाही.